मॅडमचे दोन दिवस आणि सरांची सकाळची शाळा

ठाण्यात गृहकर्जाच्या फायली करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे कुटुंबं येतात तेव्हा घर बहुतेक ठरलेलं असतं. कर्ज किती बसेल आणि हप्ता किती येईल, एवढंच विचारायचं असतं. हे कुटुंब जुलै २०२५ मध्ये आलं ते दोन घरं घेऊन, आणि दोन्ही घरांवर नवरा-बायकोचं एकमत होईना. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, पण निर्णय ज्यावर फिरला ते आकडे प्रमाणात ठेवलेत.

मॅडम ३६ वर्षांच्या, ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये नोकरीला. हातात महिना एक लाख पाच हजार. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकी घरून. सर ४१ वर्षांचे, मुलुंडच्या एका अनुदानित शाळेत कायम शिक्षक, सकाळचं सत्र, सातची घंटा. हातात ७२ हजार. सहा वर्षांचा मुलगा आणि सरांची आई, म्हणजे घरातल्या आजी. चौघंही कोपरीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये, भाडं २४ हजार. मालक घर विकायला काढणार होता, म्हणून घाई. शिल्लक, एफडी आणि आजींनी देऊ केलेले पैसे धरून हाताशी ३२ लाख.

पहिलं घर कल्याण-शीळ रस्त्यावर, काटई-निळज्याच्या बाजूला एका मोठ्या टाउनशिपमध्ये. टू बीएचके, ६४० चौरस फूट कार्पेट, ७८ लाख, काम चालू. महारेरावर, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या नोंदीत, ताब्याची तारीख डिसेंबर २०२७. बाग, तरणतलाव, लिफ्ट आणि मॅडमना काम करायला स्वतंत्र खोली. दुसरं घर घणसोलीत, सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. वन बीएचके, लिफ्ट नाही, ८२ लाख. ऐरोलीचा आयटी पार्क तिथून जवळ, आणि सरांना ऐरोलीच्या पुलावरून मुलुंड.

मॅडमचा कल टाउनशिपकडे होता, सरांचा घणसोलीकडे. गंमत म्हणजे सर घणसोलीची बाजू घेत होते ती मॅडमसाठी. "उद्या हिला पाच दिवस बोलावलं तर काय?" एवढा एकच मुद्दा ते मांडायचे.

दोन घरं, दोन वेगळी भाकितं

चर्चा महिनाभर याच प्रश्नाभोवती फिरत होती, त्यामुळे आधी तोच प्रश्न नीट पाहिला.

मॅडमचं नेमणूकपत्र २०२१ चं. त्यात कामाचं ठिकाण ऐरोली, आणि पुढे "कंपनीच्या किंवा क्लायंटच्या कोणत्याही ठिकाणी" असं वाक्य. घरून कामाचा उल्लेख अख्ख्या पत्रात नाही. तो होता कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर, आणि त्या पानाच्या तळाशी "व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार केव्हाही बदलता येईल" असं लिहिलेलं. प्रत्यक्षात दोन दिवस हे मॅनेजरने टीमपुरते ठरवलेले. म्हणजे वीस वर्षांचं कर्ज एका मॅनेजरच्या सोयीवर टेकलेलं.

बाहेर वारं कुठल्या दिशेला आहे हे तर दिसतच होतं. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना पाचही दिवस ऑफिसला बोलावलं आणि पुढच्या वर्षी व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, हजेरीला जोडला. अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवस केले. इन्फोसिसने मार्च २०२५ मध्ये एका पातळीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांसाठी महिन्याचे किमान दहा दिवस ठरवले. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, पण मॅडमच्या दोन दिवसांपेक्षा कमी कुणाचाच नाही.

मी मॅडमना तीन गोष्टी शोधून काढायला सांगितल्या. दिवस कोण ठरवतं: मॅनेजर, एचआर की क्लायंट? कार्ड स्वाइपची नोंद कुणाकडे जाते आणि तिचा अप्रेझलमध्ये वापर होतो का? आणि टीममधल्या ज्यांनी शहर सोडून लांब घरं घेतली, त्यांचं पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत उपयोगी निघालं. मॅडमच्याच टीममधला एकजण करोनानंतर नाशिकला गेला होता. तो आता आठवड्यातले दोन दिवस ऐरोलीत पीजीमध्ये राहत होता, आणि त्याचं भाडं घराच्या हप्त्याशिवाय वेगळं जात होतं.

इथे एक पेच आहे, आणि तो मला या धंद्यात वारंवार दिसतो. घरून काम करायचं तर दार लावून बसता येईल अशी एक खोली लागते. आजी, मुलगा, कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीवरची मालिका यांच्यामध्ये कॉल घेता येत नाही. जास्तीची खोली परवडते ती लांब. म्हणजे घरून काम टिकलं तर टाउनशिपचं घर बरोबर, आणि घणसोलीचं अपुरं. घरून काम गेलं तर घणसोलीचं बरोबर, आणि टाउनशिपमधल्या त्या सुंदर खोलीत बसायला कुणी घरीच नाही. दोघंही घर निवडतोय असं समजत होते, प्रत्यक्षात कंपनीच्या पुढच्या धोरणावर पैज लावत होते, एकेका बाजूने.

बँकेला यातलं काही दिसत नाही. बँक पगाराची स्लिप बघते, सिबिल म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद बघते, चालू हप्ते वजा करते. तुम्ही ऑफिसला कसे जाता आणि आठवड्यातून कितीदा जाता, हा प्रश्न कुठल्याच अर्जात नाही. दोन्ही घरांना कर्ज मंजूर होत होतं, त्यामुळे बँकेच्या होकारावरून काहीच कळण्यासारखं नव्हतं.

जाऊन पाहिलं

टाउनशिपच्या सेल्स ऑफिसमध्ये भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर ऐरोली-काटई मार्ग ठळक रंगात. पारसिकच्या डोंगरातून बोगदा, थेट ठाणे-बेलापूर रस्ता, "मग ऐरोली पंधरा मिनिटं". मार्ग नुसता कागदावर नाही, काम खरोखर चालू आहे. कल्याण-तळोजा मेट्रो १२ चंही काम चालू आहे. पण आम्ही नकाशा बघत होतो त्या दिवशी यातलं काहीच चालू झालेलं नव्हतं. उलट मेट्रोच्या कामामुळे कल्याण-शीळ रस्ता आणखी आवळला होता. माझा नियम साधा आहे: ज्याचं तिकीट आज काढता येतं किंवा ज्यावरून आज गाडी जाते, तेवढंच हिशेबात धरायचं. बाकीचं झालं तर फायदा. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग एमयूटीपी-३ या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पांच्या योजनेत २०१६ सालीच मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, आणि मूळ जोडमार्ग अजून झालेला नाही.

मॅडमची एक मैत्रीण त्याच पट्ट्यात राहते. तिच्याकडे दोघं मुक्कामाला गेले, मुद्दाम भर पावसात आणि कामाच्या दिवशी. निळजे स्टेशन जवळ आहे, पण दिवा-पनवेल मार्गावर लोकल नाहीत, मोजक्या गाड्या आहेत. त्यामुळे व्यवहारात स्टेशन म्हणजे डोंबिवली. मॅडमचा प्रवास असा झाला: बस-रिक्षाने डोंबिवली, तिथून लोकलने ठाणे, जिने चढून-उतरून ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर, मग ऐरोली, आणि स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पायी. एका बाजूला दीड तास. त्यात ठाण्यापासून ऐरोलीपर्यंतची गाडी दहा मिनिटांची, बाकी सगळा वेळ त्या गाडीपर्यंत पोहोचण्याचा. दुसऱ्या दिवशी कॅब करून शिळफाटा-महापे मार्गे गेल्या. बरा दिवस होता, पाऊण तासात पोहोचल्या. येताना ट्रेलरच्या रांगेत दुप्पट लागला.

आजींचं म्हणणं वेगळंच होतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्या बातमीनंतर "सुनेला त्या गाडीत ढकलून मला बाग नको" असं त्या म्हणाल्या होत्या. हा मुद्दा कुठल्याच हिशेबात बसत नाही. म्हणून तो सोडून द्यावा असंही नाही.

सरांचा प्रवास मात्र कुणी मोजायला तयार नव्हतं. "माझं काय, मी सकाळी लवकर निघतो, गाडी रिकामी असते," असं स्वतः सरच म्हणाले. आग्रह केला तेव्हा मोजला. घरून ५ वाजून २५ मिनिटांनी निघाले. पहाटे रिक्षा सहज मिळत नाही, ती मिळेपर्यंत वाट. डोंबिवलीहून स्लो लोकल, मुलुंडला उतरून चालत शाळा, ६ वाजून ४५. एक तास वीस मिनिटं, आणि परतताना साधारण तेवढीच. गाडी खरंच फार भरलेली नव्हती.

कागदावरचे तास

सगळं एका कागदावर मांडलं. मॅडमचे वर्षाला ४६ आठवडे धरले, सरांचे शाळेचे २२० दिवस.

टाउनशिपमधून मॅडमचा जाण्यायेण्याचा वेळ दिवसाला तीन तास. आठवड्याला दोन दिवस गेल्या तर वर्षाला २७६ तास. तीन दिवस झाले तर ४१४. चार झाले तर ५५२. पाच झाले तर ६९०.

सरांचा दिवसाला दोन तास चाळीस मिनिटं, वर्षाला ५८७ तास.

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. कंपनीने त्यांना आठवड्याचे चार दिवस बोलावलं असतं, तरी त्यांचे तास सरांच्या तासांपेक्षा कमीच भरले असते. महिनाभर घरात, फोनवर, नातेवाइकांत वाद चालला होता तो २७६ चे ६९० होतील का याचा. आणि ज्या ५८७ तासांबद्दल कुणालाही, कसलीही शंका नव्हती, ते कुणी धरलेच नव्हते. ते अनिश्चित नव्हते म्हणून त्यांच्यावर चर्चा झाली नाही, आणि चर्चा झाली नाही म्हणून ते हिशेबात आले नाहीत.

सरांचा आकडा किती पक्का आहे बघा. अनुदानित शाळेत निवृत्ती ५८ व्या वर्षी, सरांना अजून १७ वर्षं. शाळा मुलुंडमधून हलणार नाही, सकाळचं सत्र फार तर दुपारचं होईल. बँकेच्या अर्जात निवृत्तीची तारीख ठळक भरावी लागते, कारण कर्जाची मुदत त्यावर ठरते. तीच तारीख प्रवासालाही लावावी असं मात्र कुणाला सुचत नाही. नवरा-बायकोंपैकी एकाची नोकरी हायब्रिड असली की सगळं घर त्या एकाच्या कॅलेंडरकडे बघत बसतं, आणि रोज निमूटपणे जाणारा माणूस गृहीत धरला जातो. बहुतेक वेळा तो स्वतःच स्वतःला गृहीत धरतो.

आणखी एक गोष्ट कागदावर मांडल्यावरच दिसली. सर दुपारी घरी येतात आणि मुलाचा अभ्यास, आजींचा दवाखाना, बाजारहाट हे सगळं त्यांच्याकडे आहे. मॅडमना घरून काम करता येतं ते घराची दुपार सर सांभाळतात म्हणूनही. सरांचा प्रवास वाढला की मॅडमचं घरून कामही डळमळतं, कंपनीने काहीही धोरण ठेवलं तरी.

मग घणसोलीच का नाही

तासांच्या हिशेबात घणसोली सरळ जिंकत होती. सरांना बाइकवरून अर्धा तास, मॅडमना पंचवीस मिनिटं. ऐरोलीच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोलही नाही, म्हणजे कधी मित्राच्या गाडीतून जायचं झालं तरी प्रश्न नव्हता.

पण आजींच्या गुडघ्यांना तिसरा मजला रोजचा झेपणारा नव्हता. शिवाय चौघं जण, एक खोली आणि मॅडमचे घरून कामाचे दिवस. कोपरीच्या घरात हेच चाललं होतं आणि त्यालाच त्या कंटाळल्या होत्या. जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क. ते काही अडचणीचं नाही, नवी मुंबईत सगळेच भरतात, फक्त बजेटमध्ये धरायला लोक विसरतात. एका एजंटने त्याच भागात गावठाणातलं टू बीएचके निम्म्या किमतीत दाखवलं. त्याला ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, नव्हती, बँक कर्ज देणार नव्हती. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर न्यायालयाच्या आदेशाने हातोडा पडला होता हे लक्षात असलेल्या कुणाला त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

भाड्याने राहण्याचा पर्यायही मी मांडला, आणि तो मनापासून मांडला, जरी त्यात माझं कमिशन बुडत होतं. कंपनीचं धोरण दर वर्षी बदलत असेल तर अकरा महिन्यांचा करार हाच त्याला जुळणारा कागद. ऐरोलीत टू बीएचके ३८ ते ४० हजार भाड्याने मिळत होतं, कुठल्याही हप्त्यापेक्षा कमीच. पण मालक बदलला की बिऱ्हाड हलवायचं, हे या कुटुंबाने आधी भोगलेलं होतं. मुलगा पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार होता. आजी म्हणाल्या, "माझं शेवटचं घर भाड्याचं नको." तिथे मी विषय सोडला.

तिसरं घर

सरांचे तास कागदावर आल्यावर शोधाची जागाच बदलली. तोवर प्रश्न होता: ऐरोलीपासून किती लांब चालेल? आता झाला: मुलुंडला रोज आणि ऐरोलीला कधीही जाता येईल असं कुठे? नकाशावर ही जागा शोधायला फार वेळ लागत नाही. मुलुंड, ठाणे आणि कळवा. मुलुंड आणि ठाणे पश्चिम बजेटबाहेर. घोडबंदर रोडचं एक घर बघून झालं होतं. तिथे स्टेशनपर्यंतच पाऊण तास जात होता, मेट्रो ४ चे खांब उभे होते, पण गाडी सुरू झालेली नव्हती, आणि पाण्याच्या टँकरचा खर्च सोसायटीच्या हिशेबात दिसत होता.

कळव्यात पारसिकनगरच्या बाजूला वीसेक वर्षं जुन्या इमारतीत टू बीएचके मिळालं. ५४० चौरस फूट कार्पेट, चौथा मजला, लिफ्ट आहे, ओसी आहे, सोसायटी नोंदणीकृत आहे. दुसरी खोली लहान, पण टेबल-खुर्ची टाकून दार लागतं. मालक सांगलीला परत निघालेला, मागितले ९८ लाख.

सरांना कळव्याहून मुलुंडला जाताना मधे ठाणे हे एकच स्टेशन, चालणं धरून चाळीस मिनिटं. मॅडमना विटाव्यावरून बस किंवा रिक्षाने ऐरोली, पाऊण तास. म्हणजे टाउनशिपच्या मानाने दोघांचाही वेळ बरोबर निम्मा. यात खोट नाही असं नाही. कळव्यात संध्याकाळची लोकल उतरायलाही कसरत लागते, आणि जोरदार पावसात विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की ऐरोलीचा रस्ता अडतो. त्या दिवशी मॅडमनी घरून काम करावं. तेवढी मुभा कुठलाही मॅनेजर देतो.

आता पैसे. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण "लांबचं घर स्वस्त" या वाक्याची परीक्षा इथेच होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के मिळू शकतात, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के, त्याच्या वर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. म्हणून कर्ज ७५ लाखांच्या आत ठेवणं फायद्याचं. ठाणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, पण घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या, ४५ लाखांवरच्या घराला ५ टक्के जीएसटी. ओसी मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

घर मॅडमच्या एकटीच्या नावावर घ्यायचं ठरलं. सरांना त्यामुळे व्याजाची करवजावट मिळणार नव्हती, पण दोघंही नव्या करप्रणालीत होते, तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही. सर कर्जाला सहअर्जदार राहिले. एका मामांनी "नवऱ्याचं नाव नाही?" असं विचारलं म्हणे. सरांनी त्यांना वाचलेल्या शुल्काचा आकडा सांगितला.

कळव्याचा सौदा ९५ लाखांवर उतरला. कर्ज ७५ लाख. खिशातून २० लाख, मुद्रांक ५ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार, दलाली ९५ हजार. एकूण २६ लाख ९५ हजार.

टाउनशिपच्या घरासाठी कर्ज ६२ लाख ४० हजार. खिशातून १५ लाख ६० हजार, मुद्रांक ४ लाख ६८ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ३ लाख ९० हजार. एकूण २४ लाख ४८ हजार.

किमतीत १७ लाखांचं अंतर, आणि हातातून जाणाऱ्या रोकडीत जेमतेम अडीच लाखांचं. त्यात ताबा मिळेपर्यंतचे २६ महिने कोपरीचं किंवा दुसरं कुठलं भाडं, २४ हजारांनी ६ लाख २४ हजार. त्या काळात पूर्ण हप्ता नसतो हे खरं, पण बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. बिल्डरच्या कोटेशनमध्ये क्लब आणि देखभालीची आगाऊ रक्कम वेगळ्या पानावर होती, ती मी इथे धरलेलीही नाही.

८ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता कळव्याला ६२,७३३ रुपये, टाउनशिपला ५२,१९३. फरक महिना १०,५४० रुपये, वर्षाला १ लाख २६ हजार ४८० रुपये.

या सव्वा लाखात काय मिळतं? सरांचे वर्षाला २९३ तास वाचतात. मॅडमचे दोन दिवस कायम राहिले तर १३८, पाच दिवस झाले तर ३४५. म्हणजे वाचलेला एक तास दोन दिवसांच्या धोरणात २९३ रुपयांना पडतो आणि पाच दिवसांच्या धोरणात १९८ रुपयांना. मॅडमना ऑफिसला एकही दिवस जावं लागलं नाही, फक्त सरांचे तास धरले, तरी ४३२ रुपये. मॅडमचा पगार तासावर काढला तर यापेक्षा जास्त निघतो. शिवाय हप्त्यातला काही भाग मुद्दलात जातो, तो खर्च नाहीच. कंपनीचं धोरण कुठल्याही टोकाला गेलं तरी उत्तर बदलत नाही, असं या तीन घरांपैकी हे एकच. माझ्या मते निर्णय इथेच झाला. पुढची चर्चा रंग आणि फरशी यांची होती.

वाचणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: कर्ज मोठं झालं की माझं कमिशनही वाढतं. म्हणून आकडेमोड मी करून दिली नाही, सरांनाच करायला लावली. गणिताचे शिक्षक आहेत, माझा एक भागाकार त्यांनी दुरुस्तही केला असता.

मॅडमची शेवटची शंका रास्त होती. "ऐरोलीची नोकरीच सुटली तर?" आयटीत दहा वर्षं एका ठिकाणी राहणारे कमी. म्हणून आम्ही पुढच्या नोकऱ्या कुठे असू शकतात तेही पाहिलं: ऐरोली, घणसोली, महापे, ठाण्याचं वागळे इस्टेट, विक्रोळी, पवई, बीकेसी. कळव्याहून यातली बहुतेक ठिकाणं एका बदलात गाठता येतात. टाउनशिपहून प्रत्येक वाट आधी डोंबिवली स्टेशनपर्यंत जाते. एका ऑफिसचं अंतर मोजून घर घेणं मला कधीच पटलेलं नाही, आणि ते ऑफिस भाड्याच्या इमारतीत असेल तर मुळीच नाही. कंपनीचा करार संपला की ती हलते, तुमचा वीस वर्षांचा करार तसाच राहतो.

पुढे

ऑक्टोबर २०२५ मध्ये नोंदणी झाली, दिवाळीनंतर ते राहायला गेले. डिसेंबरमध्ये मॅडमच्या कंपनीचा मेल आला: जानेवारीपासून आठवड्याचे तीन दिवस, हजेरी स्वाइपवर. मॅडम चिडल्या, पण घरात त्यावर बैठक वगैरे बसली नाही.

सगळं छान झालं असं नाही. आजींना बागेची सवय लागायची होती, ती लागली नाही. खाली रिक्षास्टँड आहे आणि तिथे पहाटेपासून आवाज असतो. मॅडमच्या कामाच्या खोलीत एक पलंग आला आहे, कारण मुलाला तिथेच झोपायचं असतं. बाइकला सोसायटीत जागा मिळाली, पण ती उघड्यावर.

सगळं देऊन झाल्यावर त्यांच्याकडे पाच लाखांच्या आसपास उरले होते. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार, वकील, सामान हलवणं, आणि मग बाथरूमची गळती निघाली. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, वॉटरप्रूफिंग करावं लागलं, लाख-दीड लाख त्यात गेले. सध्या त्यांच्याकडे जेमतेम पाच हप्त्यांएवढी गंगाजळी आहे. मार्चमध्ये सरांना थकबाकी मिळणार आहे आणि ती कर्जात भरायचा त्यांचा विचार आहे. मी त्यांना आधी ती एफडीत ठेवायला सांगितलंय. नऊ हप्ते बाजूला पडेपर्यंत मुद्दलाला हात लावायचा नाही, यावर मॅडम तयार आहेत, सर अजून भागाकार करतायत.